गालात चार गोळ्या

३ नोव्हेंबर, सोमवार

पुन्हा मळमळ! सगळं खापर क्लचबाईंच्या डोक्यावर. बाई बायकांच्या डॉक्टर, हुशार म्हणून नावाजलेल्या, स्वतःचा दवाखाना चालवतात. पण गाडीत बसल्या की क्लच असा सोडतात की गाडी बेडकासारखी उड्या मारत सुटते. आज बाजारच्या चौकात इतक्या उड्या मारल्या की मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवणं सोडून हसायला सुरुवात केली. आणि शेजारच्या सीटवर मी. माझ्या पायाशी जादा ब्रेक आहे, पण पोटातल्या ढवळण्याला लावायचा ब्रेक अजून कुणी बसवलेला नाही.

अठरा वर्षं झाली या सीटवर. अर्ध्या शहराला मी गाडी शिकवली आहे. सगळ्यांना मनातल्या मनात नावं ठेवलीत, तोंडावर कुणाला सांगत नाही. क्लचबाई, हॉर्न, रिव्हर्सताई. नावं ठेवली की माणूस लक्षात राहतो.

घरी आले तर सासूबाई दारातच. "तोंड का असं पांढरं? बाहेरचं अरबट-चरबट खातेस." मी म्हटलं, हो.

५ नोव्हेंबर, बुधवार

लिहू का नको? लिहिते.

पाण्याच्या टाकीजवळचा चढ. क्लचबाईंचा कर्दनकाळ. तिथे गाडी थांबवून मागे न जाता पुढे काढायची, हे त्यांना महिनाभरात जमलेलं नाही. आज पुन्हा "मॅडम, मागे जातेय, मागे जातेय." मी "हँडब्रेक" म्हणेपर्यंत माझ्याच पोटाने वर उडी मारली. दार उघडलं आणि रस्त्याच्या कडेला सकाळचा चहा परत केला.

रुमालाने तोंड पुसत बसले तर बाई माझ्याकडे बघताहेत. एरवी स्टिअरिंगवर थरथरणारे हात एकदम शांत.

"किती दिवस होतंय असं?"

"तुम्ही शिकायला आल्यापासून."

"गाडीत नसतानाही होतं?"

नाही म्हणायला तोंड उघडलं आणि रविवार आठवला. गाडी नव्हती, चढ नव्हता, बाई नव्हत्या. नुसत्या टूथपेस्टच्या वासाने मी मोरीत वाकले होते.

"शेवटची पाळी कधी?"

"चाळिशी उलटली, बाई. ती गेली कायमची. मी घरी जाहीरसुद्धा करून टाकलंय."

"कधी?"

"सप्टेंबर संपत आला होता तेव्हा जाहीर केलं. त्याआधी चार महिने आलीच नव्हती."

बाईंच्या मनात कसलातरी हिशोब. आणि त्या हिशोबात त्यांनी हँडब्रेक सोडला, अर्धा क्लच अचूक धरला आणि गाडी चढावर अशी नेली की मला कळलंसुद्धा नाही! पहिल्यांदाच जमलं. वर पोचल्यावर त्यांच्याच लक्षात आलं आणि गाडी बंद पडली.

६ नोव्हेंबर, गुरुवार

दोन रेघा.

पट्टी ड्रायव्हिंग स्कूलच्या संडासात बघितली. रस्त्यावर दोन अखंड रेघा असल्या की ओलांडायच्या नाहीत, हे मी रोज घसा फोडून सांगते. या दोन ओलांडल्या गेल्या आहेत. कधी, तेही माहीत आहे. ऑक्टोबरात नवरोबाच्या भाच्याच्या लग्नाहून परत आलो त्या दिवशी. "आता काय भीती, तुझी तर गेली," असं म्हणत होता गाढव. आणि मीही हसत होते, दुसरी गाढव.

मला नको आहे. हे एकदा स्वच्छ लिहून ठेवते. थोरली वसतिगृहात, धाकटी बारावीला. मला जानेवारीपासून बस शिकवायला मिळणार आहे, मोठी, लांबलचक, उलट्या दिशेने वळवताना घाम काढणारी बस. त्या सीटसाठी मी मालकांच्या मागे चार वर्षं लागले होते. आणि हे सगळं नसतं तरी नको असतं.

नवरोबाची भीती आहे. म्हणजे रागाची नाही. राग आला की तो नळ दुरुस्त करतो, बस. भीती आहे ती त्याच्या आनंदाची. लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. लिफ्टमध्ये कुणाचं तान्हं मूल दिसलं की कारण नसताना दोन मजले जास्त जातो. धाकटी झाली तेव्हा भर रस्त्यात नाचला होता. याला कळलं तर पुन्हा नाचेल, आणि नाचणाऱ्या माणसाला मी नाही कसं म्हणणार?

म्हणून सांगायचं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि क्लचबाईंकडेही जायचं नाही. ज्या बाईवर मी रोज ओरडते, तिच्या टेबलावर जाऊन आडवं कसं व्हायचं? शहरात दुसरे डॉक्टर नाहीत की काय.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

स्टेशनमागच्या औषधाच्या दुकानात गेले. मुद्दाम लांबचं निवडलं. गल्ल्यावर कोण? हॉर्न! शिकताना प्रत्येक झाडाला हॉर्न देणारा पोरगा, आता दुकानाचा मालक. "मॅडम, तुम्ही! बसा ना."

बसले नाही. एका शिकाऊ मुलीसाठी गर्भपाताच्या गोळ्या हव्यात, असं पुटपुटले. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि काउंटरखालून खोकं काढलं. चिठ्ठी मागितली नाही. कितवा आठवडा, विचारलं नाही. आतला माहितीचा कागदही नाही.

"आज एक, मग बाकीच्या. होऊन जातं."

"बाकीच्या कधी? तोंडात ठेवायच्या की गिळायच्या?"

"गिळायच्या असतील."

"रक्त थांबलं नाही तर?"

"तर मग... हॉस्पिटल आहेच की."

"मी तुला पहिल्याच दिवशी हायवेवर एकट्याला सोडलं होतं का रे?"

"नाही, मॅडम."

"मग?"

बिचाऱ्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. खोकं परत खाली. मीही परत. एका अर्थी बरंच झालं, पण काम तिथेच राहिलं.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज मोठं हॉस्पिटल. काचेची दारं, थंडगार हवा, चकाचक फरशी. चौकशीच्या खिडकीत बसलेली बाई मान वर करून बघते तर रिव्हर्सताई! हिने मागे घेताना माझ्या स्कूलच्या कुंपणाचे दोन खांब पाडले होते. मला बघून इतका आनंद झाला तिला की अख्ख्या रांगेला कळलं, कोण आलंय ते. "मॅडममुळे आज मी स्वतःच्या गाडीने येते," वगैरे.

मी खिडकीत तोंड घालून हळू आवाजात सांगितलं. तिचा आवाजही खाली आला. "मॅडम, इथे नवऱ्याची सही लागते."

"का? पोट त्याचं आहे का?"

"नियम आहे इथला."

आत जे वयस्कर डॉक्टर भेटले त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, मुलं किती. दोन मुली म्हटल्यावर चेहऱ्यावर समजुतीचं हसू. "मग घाई कशाला करताय? या वेळी मुलगा असेल." माझा पाय खाली ब्रेक शोधत होता. सवय. सापडला असता तर खुर्चीसकट डॉक्टर पुढच्या भिंतीवर गेले असते.

"तुम्ही जन्माला घालणार असाल तर ठेवू," म्हटलं आणि उठले.

बाहेर येऊन गाडीत बसले आणि दार दोनदा आपटून लावलं. रागाने. थोडं भीतीनेही. दिवस पुढे सरकताहेत आणि मी शहरभर ओळखीच्या खिडक्यांमध्ये तोंड घालत फिरतेय. अर्ध्या शहराला शिकवलं याचा एवढे दिवस अभिमान होता. आज वाटलं, एखादं लांबचं, अनोळखी शहर शिकवायला घेतलं असतं तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

क्लचबाईंना सांगितलं. गाडीतच. सिग्नल लाल होता.

"तुमचा अंदाज बरोबर होता. आणि मला नको आहे."

"बरं," त्या म्हणाल्या. "गुरुवारी या."

एवढंच? मी काहीतरी मोठं होईल म्हणून सीट घट्ट धरून बसले होते. "नवऱ्याची सही?"

"कशाला? तुम्ही सज्ञान आहात, त्यांचा काय संबंध? इथल्या कायद्याला तुमची एकटीची सही पुरते. कोणी वेगळं सांगितलं?"

सांगितलं, कोणी ते. बाईंना इतका राग आला की त्यांनी सिग्नल सुटताच गाडी पहिल्या गिअरमध्ये चौकाबाहेर नेली, इंजिन रडत होतं. मी ओरडले, "दुसरा टाका." आज ओरडताना जरा जीभ अडखळली.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

दवाखाना छोटा. बाकडं, पडदा, एक झाड. इथे क्लचबाई वेगळ्याच. पायात चपला, आवाज सपाट, एकही झटका नाही.

काल आरशासमोर कारणांचं भाषण तयार केलं होतं. वय, गुडघे, बस, थोरलीची फी. त्यांनी विचारलं, "खात्री आहे?" आहे म्हटलं. "कुणाचा दबाव?" नाही म्हटलं. "बरं." भाषण तसंच राहिलं! दोन मिनिटं मला चुकल्यासारखं झालं. एवढी तयारी केली आणि परीक्षाच नाही.

मग तपासणी. गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत नाही ना, ते आधी बघायचं, कारण नळीत असेल तर या गोळ्यांनी काम होत नाही आणि जिवावर बेततं. पडद्यावर बघायचंय का, विचारलं. नको म्हटलं, त्यांनी पडदा आपल्याकडे वळवला. सातवा आठवडा पूर्ण झालेला. नऊ-दहा आठवड्यांपर्यंत घरी होतं, म्हणाल्या, त्यापुढे दवाखान्यात राहावं लागतं. रक्त पातळ करणारी गोळी घेता का, दम्याचं काही, रक्त कमी आहे का, तांबी बसवली आहे का, सगळं विचारलं. हॉर्नला यातलं एक अक्षर सुचलं नव्हतं.

पहिली गोळी तिथेच, त्यांच्यासमोर, पाण्याबरोबर. गर्भाला धरून ठेवणारं हार्मोन ही थांबवते. मला वाटलं आता काहीतरी होईल. काही नाही. बाहेरचं झाड तसंच हलत होतं.

"परवा सकाळी चार गोळ्या. पोटात काहीतरी असू द्या. आधी दुखण्याची गोळी. मग दोन या गालात, दोन त्या गालात. अर्धा तास विरघळू द्यायच्या, गिळायच्या नाहीत, चावायच्या नाहीत. उरेल ते पाण्याबरोबर. काही तासांत पोट आवळून येईल. पाळीपेक्षा जास्त दुखेल, रक्त जास्त जाईल, गाठी पडतील. ते व्हायलाच हवं. थंडी वाजेल, जुलाब होतील, अंग तापल्यासारखं वाटेल. पहिल्या दिवशी चालतं ते."

"आणि काय चालत नाही?"

"तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि दुसऱ्या तासालाही तेच. ताप दुसऱ्या दिवशीही राहिला. घाण वास आला. चक्कर येऊन पडलात. किंवा उलट, रक्त गेलंच नाही. यातलं काहीही झालं तर मला फोन, कुठल्याही वेळेला. आता म्हणून दाखवा."

"काय?"

"मी जे सांगितलं ते. तुम्ही नाही का माझ्याकडून म्हणवून घेत, आरसा, गिअर, इंडिकेटर?"

म्हणून दाखवलं. ताप विसरले. "पुन्हा," बाई म्हणाल्या, हुबेहूब माझ्या आवाजात! काय समाधान होतं चेहऱ्यावर. पुन्हा म्हटलं, सगळं, अगदी पहिल्यापासून.

निघताना विचारलं, घरी बरोबर कोण आहे?

"सगळेच आहेत. तीच तर पंचाईत."

"एका माणसाला तरी सांगून ठेवा."

"तुम्हाला सांगितलं की."

"मी घरी नसेन," म्हणाल्या. मी विषय बदलला. चार गोळ्यांच्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही, अशी वर ताकीद. मला!

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

थोडं रक्त. बाकी दिवसभर शिकवलं. इंडिकेटर आजोबांनी उजवीकडचा दिवा लावून डावीकडे वळवली, नेहमीप्रमाणे.

१५ नोव्हेंबर, शनिवार

अंथरुणात बसून लिहितेय. आजचं सगळं लिहून ठेवायलाच हवं, असं घर पुन्हा बघायला मिळायचं नाही.

धाकटी क्लासला. नवरोबाला सुट्टी, स्वयंपाकघरातला गळका नळ घेऊन बसलेला. सासूबाई हॉलमध्ये. पोट बिघडलंय असं कालच जाहीर केलं होतं. न्याहारी केली, दुखण्याची गोळी घेतली, मग खोलीत जाऊन चारही गोळ्या गालात. दोन इकडे, दोन तिकडे. जीभ कुठे ठेवावी कळेना. कडवट, खडूसारखी चव.

एक गोष्ट क्लचबाई सांगायला विसरल्या. अर्धा तास बोलता येत नाही! दुसऱ्या कुणाच्या घरात चालून गेलं असतं. माझ्या घरात मी पाच मिनिटं गप्प बसले की लोक नाडी बघायला येतात.

नवरोबा दारात. "चहा ठेवू?"

"हूं."

गेला नाही. "रागावलीस?"

मान हलवली, नाही.

"मग बोलत का नाहीस?"

मी खिडकीबाहेर बघितलं. तोंड उघडलं असतं तर सगळं पांढरंफटक बाहेर आलं असतं. तो आत येऊन पलंगाच्या कडेला बसला. पान्हा हातात. जरा वेळ घोळवला आणि मग, काय सांगू, कबुलीजबाब सुरू!

"तो निळा कप मांजराने नाही पाडला. मी पाडला."

हूं.

"आणि माझ्या तायडीला मी सांगून टाकलंय, पुढच्या रविवारी आम्ही जेवायला येतोय. तुला विचारायचं राहिलं."

मी डोळे मोठे केले. त्याला वाटलं, अजून हवंय. "बरं बाई. तुझी गाडी मी मागच्या महिन्यात घेऊन गेलो होतो मैदानावर. एकटाच. घासली ती मीच. शिकाऊ मुलाचं नाव तू घेतलंस तेव्हा गप्प बसलो."

त्या मुलाला मी आठवडाभर फैलावर घेतलं होतं! पण बोलणार कशी? डाव्या गालातली एक गोळी सुटून जिभेवर आली, ती परत जागेवर ढकलण्यात माझं सगळं लक्ष. चेहरा फारच कठोर दिसला असावा, कारण तेवढ्यात सासूबाई आल्या, आमच्याकडे आळीपाळीने बघितलं, आणि मुलगा तावडीत सापडलाय असं समजून त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या.

"त्याला एकट्याला नको बोलूस. तुझ्या हाताला मीठ जास्त पडतं हे शेजारणीला मीच सांगितलं."

मला माहीतच नव्हतं!

"आणि तुझी ती नवी शाल मीच पांघरते, तू कामावर गेलीस की."

अर्ध्या तासात घराने सगळे गुन्हे ओतले. आणि खरी चोर पलंगावर मधोमध, गालात माल घेऊन, दोघांना क्षमा केल्यासारखी मान हलवत बसलेली. हसू इतकं दाटून आलं की डोळ्यांत पाणी. ते बघून दोघंही घाबरून बाहेर गेले. मी पाणी पिऊन उरलेलं गिळून टाकलं.

दुखलं. खोटं कशाला लिहू. तासाभरातच पोट पिळून निघायला लागलं. थंडी वाजून दात वाजले. गरम पाण्याची पिशवी नवरोबानेच आणून दिली, "काय खाल्लंस एवढं?" विचारत. मग पलीकडे जाऊन नळावर बसला आणि शीळ घालायला लागला. चुकीच्या सुरात, नेहमीसारखी. मी उशीत तोंड खुपसून ती ऐकत होते. एकदा त्याला हाक मारावीशी वाटली. फार वाटली. तोंड तर मोकळं होतं आता. मारली नाही.

जेवणाच्या वेळेच्या पुढे कधीतरी मोठी कळ आली आणि गेलं. कळलं मला. नंतर दुखणं उतरत गेलं. पॅड मोजले, बाईंच्या हद्दीच्या खूप आत. रडू येईल असं धरून चालले होते. भूक लागली. सासूबाईंनी मऊ भात करून दिला, मीठ मुद्दाम कमी घालून.

१६ नोव्हेंबर, रविवार

ताप नाही. टूथपेस्टचा वास नुसता टूथपेस्टचा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर दिवाबत्तीच लागलेली. नवरोबा संध्याकाळी आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, "मोठ्या हॉस्पिटलची लिफ्ट अडकली होती आज. तिथे तुझी एक विद्यार्थिनी भेटली, चौकशीवर बसते ती. सारखी विचारत होती, मॅडमची तब्येत कशी आहे, सगळं नीट झालं ना. काय झालं होतं तुला?"

रिव्हर्सताई! ही बाई पुढे बघून कधी चालवणारच नाही.

"ॲसिडिटी," म्हटलं.

"त्यासाठी तिथे गेली होतीस?"

"जवळून चालले होते."

त्याने मान डोलावली. विश्वास ठेवला. एरवी मला मजा वाटली असती. आज नाही वाटली. अर्ध्या शहराला माहीत आहे, हॉर्नला अंदाज आहे, रिव्हर्सताईला पक्कं माहीत आहे, आणि हा एकटाच मान डोलावतोय.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

पुन्हा दवाखाना. पूर्ण झालंय, काही राहिलेलं नाही. रक्त आता डागांपुरतं. घरी पट्टी लावून बघू नका, म्हणाल्या, ती आणखी काही आठवडे दोन रेघा दाखवत राहील आणि तुम्ही उगाच घाबराल. आणि लगेच पुन्हा दिवस राहू शकतात, पाळीची वाट बघत बसू नका. "पुढचं काय ठरवलंय?" ठरवून सांगते म्हटलं.

हिशेबी माणूस असते तर इथे खूश होऊन उठले असते. उठले नाही. बाईंनी पेन खाली ठेवलं.

"त्यांना सांगितलं नाही ना अजून?"

"सांगायला तुमचा कायदा लावतो का?"

"नाही. अजिबात नाही. तुम्हाला जड होतंय म्हणून विचारलं."

मी म्हटलं, परवा तुमची परीक्षा आहे, चढावर लक्ष द्या. त्या हसल्या.

२९ नोव्हेंबर, शनिवार

क्लचबाई पास झाल्या! चढावर एकदासुद्धा मागे गेल्या नाहीत. मला मिठी मारली. मी त्यांच्या कानात म्हटलं, आज सांगते त्याला. का म्हटलं, माहीत नाही. म्हटल्यावर मागे घेता येईना.

दुपारी नवरोबाला गाडीत घातलं आणि शिकवायच्या मैदानावर नेलं. आमच्या घरात भिंतींना कान नाहीत, सासूबाईंना आहेत. इंजिन बंद केलं. एका दमात सगळं सांगितलं. लग्नाहून आलो तो दिवस, दोन रेघा, गोळ्या.

तो समोर बघत होता. "केव्हा?"

"त्या शनिवारी. मी बोलत नव्हते तेव्हा."

"तू गालात..."

"हो."

"आणि नंतर पोट दुखत होतं ते?"

"हो."

"मी नळ दुरुस्त करत होतो."

"हो."

"शीळ घालत होतो मी."

मी म्हटलं, "मला वाटलं तू नाचशील. आणि तू नाचलास की मला नाही म्हणता येणार नाही."

"नाचलोच असतो," तो म्हणाला. "खोटं नाही बोलत. मग तू नको म्हणाली असतीस तर थांबलो असतो. अंग तुझं, ठरवायचं तू. त्याचं काही नाही मला." इथे त्याचा आवाज फुटला. "पण तू आत तशी पडलेली आणि मी बाहेर शीळ घालत होतो. तू मला तसं करू दिलंस."

मी केलं त्याचं मला वाईट वाटत नाही. आजही नाही. पण हे वाक्य ऐकलं आणि रडले. पंधरा दिवसांचं एकदम रडले. तोही रडला. एक शिकाऊ पोरगं शंकूंच्या मधून गाडी काढत आमच्याकडे टकमक बघत राहिलं आणि त्याने तीन शंकू आडवे केले.

१ डिसेंबर, सोमवार

बोलतो, पण मोजकं. घरातले सगळे नळ ठणठणीत आहेत. आज बाथरूमचा विनाकारण उघडून बसलाय.

४ डिसेंबर, गुरुवार

भांडी घासत होते. नवरोबा मागे येऊन उभा राहिला. तुझ्या डॉक्टरीणबाईंना जाऊन भेटलो, म्हणाला. त्यांनी दुसऱ्या एका डॉक्टरांचं नाव दिलं. मंगळवारी सकाळी, माझी नसबंदी. तुला चालणार असेल तर.

मी साबणाचे हात तसेच धरून उभी.

"सुई बघितली की मला भोवळ येते, तुला माहीत आहे," तो म्हणाला. "मला एकट्याला नाही जायचं. तू शेजारी बसशील?"

मंगळवारचे सगळे शिकाऊ रद्द केले.